गावात राहून चित्रं विकताना: किंमत ठरवायची कशी?

"किती घेशील?" हा प्रश्न चित्र वाळायच्या आधीच येतो. शाळेच्या व्हरांड्यात येतो, गणपतीच्या मंडपात येतो, कुणाच्या तेरवीला गेलं तर तिथेही येतो. बहुतेक नवे चित्रकार समोरच्याचा चेहरा बघून, त्याच्या गाडीकडे किंवा चपलांकडे बघून मनात येईल तो आकडा सांगतात. सांगून झाला की जास्त सांगितला की कमी, याची रुखरुख लागते.

आपल्याकडे विदर्भात शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या पोराला भाव दुसऱ्याने सांगायचा, हीच सवय असते. कापूस आपला, राबणं आपलं, पण भाव व्यापारी सांगणार. चित्राचं तसं नाही. इथे भाव ठरवायचा अधिकार तुमच्याच हातात आहे आणि तो वापरायला शिकणं हे हात बसवण्याइतकंच महत्त्वाचं आहे, असं मी मानतो. किंमत विचारणारा येण्याआधी ठरलेली असावी, कागदावर लिहिलेली असावी आणि सगळ्यांना सारखी असावी. ती कशी काढायची ते पुढे सांगतो. हे एटीडी (कलाशिक्षक पदविका), जीडी आर्ट (शासकीय कला पदविका) किंवा फाइन आर्टची पदवी करून गावी परतलेल्यांसाठी आहे, आणि शाळेतल्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेनंतर घरीच सराव करून हात बसवलेल्यांसाठीही.

पहिली पायरी: कामं वेगळी करा

गावाकडच्या चित्रकाराकडे साधारण चार तऱ्हेची कामं असतात. स्वतःच्या मनाने केलेली चित्रं. ऑर्डरची पोर्ट्रेटं: आईवडिलांची, तुकडोजी महाराजांची, गाडगेबाबांची, बाबासाहेबांची. भिंतीवरची कामं: शाळेच्या बोलक्या भिंती, ग्रामपंचायत, मंदिर, बुद्धविहार, लग्नघर. आणि किरकोळ विक्रीच्या वस्तू: कार्डं, छोटे कागद, प्रिंट, तान्ह्या पोळ्याचे रंगवलेले लाकडी नंदी. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, असाल तर नाटकाचे पडदेही आले.

या चारांना एकच दर लावू नका. पोर्ट्रेटचा दर चेहऱ्यावर आणि फोटोच्या दर्जावर ठरतो, भिंतीचा चौरस फुटावर, आपल्या चित्राचा आकारावर आणि माध्यमावर. वहीत चार पानं करा आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवा.

दुसरी पायरी: खर्चाची वही

खर्च म्हटला की रंग आणि कॅनव्हास एवढंच आठवतं. ब्रश झिजतात, मास्किंग टेप संपते, प्रायमर लागतो, वॉर्निश लागतो, कागद वाया जातो. आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा लपलेला खर्च म्हणजे प्रवास. तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात शाळकरी रंग मिळतात. चांगला कार्टिज किंवा हँडमेड कागद, मोठ्या ट्यूब, ताणलेला कॅनव्हास यांसाठी नागपूर, अमरावती, अकोला गाठावं लागतं. गडचिरोलीतल्या एटापल्ली किंवा भामरागडच्या पोराचा त्यात अख्खा दिवस जातो, कधी मुक्कामही पडतो. महिलांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, पण दिवस मोडायचा तो मोडतोच. म्हणून एका खेपेचा खर्च, म्हणजे तिकीट, जेवण आणि मोडलेला दिवस, त्या खेपेत आणलेल्या सामानातून जितकी चित्रं होतील त्यांच्यावर वाटून टाका.

फ्रेम मात्र वेगळी धरा. चित्राची किंमत फ्रेमशिवाय सांगायची आणि फ्रेमचा खर्च फ्रेमवाल्याच्या पावतीप्रमाणे वेगळा लावायचा. ग्राहकाला काचेची फ्रेम हवी असेल तर ती घरापर्यंत नेण्याची जबाबदारी कुणाची हे आधीच बोलून घ्या. काच फुटली की वाद होतो. कॅनव्हास लांब पाठवायचा असेल तर स्ट्रेचरवरून, म्हणजे ताणायच्या लाकडी चौकटीवरून काढून, रंगाची बाजू बाहेर ठेवून, रुंद पाइपवर गुंडाळून पाठवता येतो. पाइप, बबल रॅप आणि स्पीड पोस्टची पावतीही खर्चाच्या वहीत चढली पाहिजे.

पावत्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवल्या तरी चालतात, पण महिन्याच्या शेवटी आकडे वहीत उतरवा.

तिसरी पायरी: तुमच्या दिवसाचा दर

इथे बहुतेक जण अडतात. "माझ्या वेळेची किंमत मी कशी लावू, मी तर नवा आहे," असं वाटतं. मग एक साधा पाया धरा. रोजगार हमीच्या कामाची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. ती अकुशल कामाची. तुमच्या गावात घरं रंगवणारा पेंटर दिवसाचे किती घेतो ते विचारा. पेट्रोलपंपावर, हार्डवेअरच्या दुकानात कुणीही सांगेल. त्या पेंटरच्या रोजापेक्षा कमी दराने चित्र काढायचं नाही, ही तुमची सर्वांत खालची पायरी. त्याच्या हातात कसब आहे, ते त्याने कमावलेलं आहे. तुम्हीही तुमचं वर्षानुवर्षं कमावलंय, मग त्याच्याखाली जायचं कारण नाही.

समजा तो रोज ८०० रुपये निघाला. आठ तासांनी भागलं की तासाला १०० रुपये. पहिल्या वर्षी एवढ्यावर सुरुवात करायला हरकत नाही.

तास मोजताना प्रामाणिक राहा, पण अडकून पडलेले तास ग्राहकावर टाकू नका. एखादं चित्र जमेना म्हणून तीनदा खरवडलं, तर तो तुमचा अभ्यास झाला. एकाच आकाराच्या पाचसहा चित्रांना लागलेला वेळ लिहून ठेवा आणि सरासरी धरा. हात जलद झाला म्हणून किंमत उतरवू नका. तो वेग सरावातून आलेला आहे, आणि त्याचा फायदा तुम्हालाच मिळाला पाहिजे.

चौथी पायरी: आकारावरून दर

आता एक चित्र घेऊन पूर्ण हिशेब करू. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या वहीतले टाका.

१८ × २४ इंचाचं ॲक्रेलिक. कॅनव्हास ४५० रुपये, रंग-ब्रश ३५०, प्रवासाचा वाटा १५०, बांधणी (पॅकिंग) १५०. एकूण १,१०० रुपये. वेळ २० तास, म्हणजे २,०००. झाले ३,१००. यावर निदान २० टक्के ठेवा, म्हणजे ६२० रुपये. वीज, मोबाईलचा रिचार्ज, न विकलेली चित्रं आणि पुढच्या कॅनव्हासचं भांडवल यातूनच निघतं. बेरीज आली ३,७२०.

चित्राचं क्षेत्रफळ १८ × २४ = ४३२ चौरस इंच. ३,७२० ला ४३२ ने भागलं तर साडेआठच्या थोडं वर, म्हणून दर धरू चौरस इंचाला ९ रुपये. किंमत आली ३,८८८, सांगायची ३,९००.

हाच दर सगळ्या आकारांना लावला की गोची होते. १२ × १६ चं चित्र १,७२८ रुपयांना पडतं, पण छोट्या चित्राला लागणारी तयारी, विचार आणि बांधणी आकाराच्या हिशेबाने कमी होत नाही. उलट ३६ × ४८ चा कॅनव्हास एकदम १५,५५२ वर जातो. मोठ्या चित्रात आकाश, जमीन अशी मोकळी जागा बरीच असते, तिला तेवढा वेळ लागत नाही. काही चित्रकार यावर उपाय म्हणून लांबी आणि रुंदी यांची बेरीज करून त्याला दर लावतात. १८ अधिक २४ म्हणजे ४२, गुणिले ९५, म्हणजे ३,९९०. या रीतीने १२ × १६ ला २,६६० मिळतात, ते बरं आहे. पण ३६ × ४८ ला फक्त ७,९८० मिळतात, आणि एवढ्या कॅनव्हासचा, रंगाचा खर्च बघता ते परवडत नाही.

मला टप्प्यांचा दर जास्त पटतो. २०० चौरस इंचांपर्यंत १२ रुपये, २०० ते ६०० पर्यंत ९ रुपये, त्यापुढे ८ रुपये आणि अगदी मोठ्याला ७. मग १२ × १६ चे २,३००, १८ × २४ चे ३,९००, २४ × ३६ चे ६,९०० आणि ३६ × ४८ चे १२,१०० होतात. टप्पे ठरवल्यावर एक खात्री करून घ्या: आकार वाढला आणि किंमत उतरली, असं कुठेही होता कामा नये.

कागदावरच्या कामाचा दर कॅनव्हासपेक्षा कमी ठेवायची रीत आहे. जलरंगाचा पूर्ण कागद २२ × ३० इंचांचा, त्याचा अर्धा १५ × २२, पाव ११ × १५. हेच तीन ठरलेले आकार ठेवले तर कागद वाया जात नाही, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) तयार मिळतात आणि दरही तोंडपाठ राहतात.

चित्र तुम्हाला फार आवडलं म्हणून त्याच आकाराच्या दुसऱ्या चित्राच्या दुप्पट दर लावू नका. घेणाऱ्याला त्यातला फरक कळत नाही आणि त्याचा तुमच्या सगळ्याच दरांवरचा विश्वास उडतो. जीव फारच अडकला असेल तर ते चित्र विकायचं नाही, एवढं सोपं आहे.

पाचवी पायरी: कमिशन आधीच धरा

पुढेमागे चित्र गॅलरीत जाईल. खासगी गॅलरी विक्रीवर ३० ते ५० टक्के कमिशन सर्रास घेतात. त्यात गैर काही नाही. जागा, दिवे, ग्राहकांची ओळख, सगळं त्यांचं असतं. पण आपला हिशेब तिथे चुकता कामा नये. वरचं ३,९०० चं चित्र ४० टक्के कमिशनवर विकलं तर हातात येतात २,३४०. खर्च आणि मजुरी मिळून ३,१०० होती. म्हणजे विकूनही घाटा.

हातात ३,७२० हवे असतील तर त्यात ४० टक्के मिळवून भागत नाही. ते होतात ५,२०८, आणि त्यातून ४० टक्के गेले की उरतात ३,१२५. रीत अशी: ३,७२० ला ०.६० ने भागायचं. येतात ६,२००. कमिशन ३० टक्के असेल तर ०.७० ने, ५० असेल तर ०.५० ने भागायचं.

यातून आपल्याकडच्या चित्रकारापुढे एक खरा पेच उभा राहतो. नागपूरच्या गॅलरीत ६,२०० ची पाटी आणि गावात तेच चित्र ३,७०० ला, असं करता येत नाही. गॅलरीवाल्याला कळलं की तो पुन्हा बोलावणार नाही, आणि ६,२०० देऊन घेणाऱ्याला आपण फसलो असं वाटेल. उलट गावात ६,२०० सांगितले तर कुणी फिरकत नाही. यावर माझा उपाय असा: एकाच चित्राच्या दोन किमती ठेवू नका, दोन वेगळ्या मालिका ठेवा. कॅनव्हासची मोठी कामं प्रदर्शनासाठी, त्यांची किंमत कमिशन धरूनच, आणि गावात कुणी मागितलं तरी तीच. कागदावरची छोटी कामं, पेन्सिलची चित्रं, प्रिंट हे गावासाठी, जत्रेसाठी, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ग्राहकासाठी. ती गॅलरीत पाठवायचीच नाहीत. म्हणजे तीनशे रुपये खिशात असलेल्या शिक्षकालाही तुमच्याकडून काहीतरी घेता येतं आणि मोठ्या चित्राची किंमतही टिकते.

काही ठिकाणी कमिशन नसतं, हॉलचं भाडं असतं. भाडं, येणंजाणं, चित्रांची वाहतूक आणि मुक्काम मिळून समजा १२,००० रुपये झाले. वीस चित्रं लावली म्हणून प्रत्येकावर ६०० रुपये टाकून मोकळे होऊ नका. चारच विकली तर एकेका चित्रावर ३,००० बसतात. पहिल्या प्रदर्शनात हा खर्च निघतोच असं नाही, म्हणून एकट्याने हॉल घेण्यापेक्षा तिघाचौघांनी मिळून घ्यावा.

दुसऱ्यांचे दर काय चालतात ते बघायला मात्र जरूर जा. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात प्रदर्शनं आणि शिल्पमेळे भरतात, शासकीय चित्रकला महाविद्यालयात विद्यार्थ्यांची कामं बघायला मिळतात, वर्ध्याच्या मगन संग्रहालयात हातकामाच्या वस्तू कोणत्या किमतीला ठेवल्या आहेत ते बघता येतं. तुमच्याइतकीच वर्षं काम केलेल्या, तुमच्याच माध्यमातल्या माणसाचे दर टिपून घ्या. लिलावाच्या बातम्यांवरून मात्र काही ठरवू नका. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा. त्यांचं एक चित्र २०१३ साली मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेलं, तेव्हा त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. लिलावातले असे व्यवहार एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे होतात. चित्रकाराने पहिल्यांदा विकताना लावलेल्या किमतीशी त्यांचा संबंध नसतो.

सहावी पायरी: ऑर्डरचं पोर्ट्रेट

घर चालतं ते यावर, म्हणून यावर जरा थांबतो.

दर ठरवताना आधी चेहरे मोजा. एका चेहऱ्याचा एक दर, पुढच्या प्रत्येक चेहऱ्याला त्याच्या ७० टक्के. मग फोटो बघा. गावात पोर्ट्रेटची बरीचशी मागणी माणूस गेल्यानंतर येते आणि हाती असतो तो आधार कार्डावरचा फोटो, नाहीतर लग्नाच्या ग्रुप फोटोतला नखाएवढा चेहरा. त्यातून डोळे, कान, हनुवटी उभी करायला घरच्यांशी बोलावं लागतं, दुसरे फोटो मागावे लागतात. या कामाला २५ टक्के जास्त लावा, आणि दर सांगताना ते का, हेही सांगा. "बाबांना फेटा घालून द्या", "आईला त्यांच्या शेजारी बसवा" हीही वाढीव कामं आहेत. दुःखातल्या माणसाकडून पैसे कसे मागायचे असं वाटतं, ते मी समजू शकतो. पण ठरलेला दर शांतपणे सांगितला तर कुणी दुखावत नाही. अवघडल्यासारखं होतं ते चित्र दिल्यावर अचानक वाढीव रक्कम मागितली तर.

चित्र सुरू करायच्या आधी निम्मे पैसे घ्या. कच्चं रेखाटन दाखवा, त्यावर होकार घ्या, मग रंग. दोन दुरुस्त्या दरात धरलेल्या, तिसरीपासून वेगळे पैसे. उरलेली रक्कम मिळाल्यावर चित्र हातात. तोपर्यंत मोबाईलवर पाठवायचा तो फोटो लहान आकाराचा पाठवा.

१४ एप्रिलच्या आधी, गजानन महाराजांच्या प्रकटदिनाच्या आधी, गुरुकुंज मोझरीच्या पुण्यतिथी सोहळ्याच्या आधी, आणि गणपतीत तर विचारूच नका, "परवा पाहिजे" म्हणून फोन येतात. घाईच्या कामाला २५ ते ५० टक्के जास्त असा नियम दरपत्रकातच छापा. म्हणजे तो तुमचा हट्ट वाटत नाही, आणि पुढच्या वर्षी तेच लोक महिनाभर आधी येतात.

"महाराजांचं काम हाय, याचे पैसे कायले?" हेही ऐकावं लागतं. श्रद्धेने द्यायचं असेल तर जरूर द्या. मीही देतो. फक्त वर्षाला किती कामं अशी द्यायची ते आधी ठरवा आणि बिल पूर्ण रकमेचं करून त्यावर "देणगी" असं लिहा. मंडळाला तुमच्या कामाचं मोल कळतं आणि पुढचं मंडळ फुकटाच्या भरवशावर येत नाही.

आता एक कायद्याची गोष्ट, जी फार कमी जणांना ठाऊक असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन चित्र किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि वेगळा करार केला नाही, तर त्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे तुम्ही काढलेल्या पोर्ट्रेटवरून त्याने कॅलेंडर छापलं, फ्लेक्स केले, तर तुम्हाला काही म्हणता येणार नाही. म्हणून ऑर्डरच्या कागदावर एक ओळ घाला: "मूळ चित्र ग्राहकाचे, छपाई व प्रती काढण्याचे हक्क चित्रकाराकडे राहतील." दोघांच्या सह्या. छपाईचे हक्क हवेच असतील तर त्याची रक्कम वेगळी. स्वतःच्या मनाने काढलेल्या चित्राचा कॉपीराइट मात्र तुमचाच असतो आणि नुसतं चित्र विकल्याने तो जात नाही. त्याच कायद्याच्या कलम ५३-अ मध्ये अशीही तरतूद आहे की असं मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला त्यात वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. त्यासाठी कोणतं चित्र कुणाला, कधी, कितीला विकलं, याची नोंद तुमच्याकडे हवी.

सातवी पायरी: भिंत

भिंतीचा दर चौरस फुटावर. दर सांगण्याआधी जाऊन भिंत बघा, फोटोवर दर देऊ नका. गिलावा फुगलेला आहे का, चुन्याचे जुने थर आहेत का, ओल कुठून येते, परांची कोण देणार, रंग कोण आणणार, पाणी जवळ आहे का, हे सगळं दरात उतरतं. खिडक्यादारं क्षेत्रफळातून वजा करू नका. त्यांच्या कडेने काम करायला उलट वेळ जास्त लागतो.

१२ × १० फुटांची भिंत, म्हणजे १२० चौरस फूट. तुमचे पाच दिवस ८०० ने ४,०००, मदतनीस ५०० ने २,५००, प्रायमर आणि रंग २,५००, येणंजाणं ६००. झाले ९,६००. वर २० टक्के धरले की ११,५२०. चौरस फुटाला ९६, म्हणून १०० रुपये सांगा. नुसत्या अक्षरांच्या कामाला कमी, माणसांच्या आकृत्या जास्त असतील तर जास्त.

दिवस मोजताना ऊन विसरू नका. शाळेच्या भिंतींची कामं उन्हाळ्याच्या सुटीतच निघतात, आणि तेव्हा चंद्रपूर, अकोला, वर्धा या बाजूला पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. तापलेल्या भिंतीवर ॲक्रेलिक ब्रशवरच वाळतं, ओढ नीट येत नाही, आणि माणूस आजारी पडतो ते वेगळंच. सकाळी सहा ते दहा-साडेदहा आणि संध्याकाळी दोन तास, एवढाच कामाचा वेळ मिळतो. म्हणून पाच दिवसांचं काम मे महिन्यात आठ दिवसांचं धरा आणि दर त्याप्रमाणे लावा. बाहेरची भिंत पावसाळ्यात घेऊच नका.

शाळा आणि ग्रामपंचायतीचं काम असेल तर तोंडी बोलण्यावर सुरुवात करू नका. तुमच्या नावाचं दरपत्रक द्या. त्यात माप, दर, रंग कुणाचा, किती दिवस आणि पैसे कधी, हे लिहा. कामाचा लेखी आदेश घ्या. निधी यायला उशीर होतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून रंगाचे पैसे तरी आधी घ्यावेत, नाहीतर रंग त्यांनीच आणून द्यावा. पैसे खात्यात येतात, त्यामुळे पॅन जोडलेलं बँक खातं लागतं. मोठ्या रकमेवर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापला जातो, आणि पॅन दिलं नसेल तर कपात थेट २० टक्के होते.

आठवी पायरी: घासाघीस

"कागदाचंच तं हाय, एवढे कायचे?" असं कुणी म्हटलं तर चिडू नका, आणि लगेच कमीही करू नका. चित्र कसं होतं, किती दिवस लागले, ते दोन वाक्यांत सांगा आणि गप्प राहा. नव्या माणसाला ही शांतता सहन होत नाही आणि तो स्वतःच आकडा खाली आणतो. तेवढं टाळा.

"माझ्याजवळ हजारच हायेत" असं प्रामाणिकपणे सांगणारा आला, तर चित्राची किंमत न उतरवता हजारात बसणारं काम दाखवा. हप्ते द्यायला हरकत नाही. आपल्याकडे पैसा वर्षभर सारखा नसतो. दिवाळीनंतर कापूस आणि धान विकलं जातं तेव्हा हातात येतो, श्रावणात खिसा रिकामा असतो. "कापूस निघाला की देतो" यात खोट नसते, पण चित्र शेवटच्या हप्त्यानंतर द्यायचं. तुमची मोठी विक्री, प्रदर्शन, नव्या चित्रांचे फोटो पाठवणं हे सगळं दिवाळी ते लग्नसराई या काळात ठेवा.

सूट द्यायचीच तर कारणाला द्या: दोन चित्रं एकदम घेतली, जुना ग्राहक आहे, शाळेच्या वाचनालयाला हवं आहे. १० टक्के, त्याहून जास्त नाही, आणि बिलावर मूळ किंमत आणि सूट दोन्ही दिसू द्या. नातेवाईकांसाठी माझा नियम सोपा आहे. प्रेमाने द्यायचं तर पूर्ण भेट द्यावी, विकायचं तर पूर्ण किमतीला. "घरचाच हायस" म्हणून अर्ध्या किमतीत दिलेलं चित्र मामाच्या बैठकीत लागतं, पाहुणे किंमत विचारतात आणि सोयऱ्याधायऱ्यांत तोच तुमचा दर होऊन बसतो.

नववी पायरी: दरपत्रक, पावती, नोंद

एका पानावर सगळे दर छापा, वर तारीख टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी विचारलं की तेच पान पाठवा. प्रत्येक चित्राला क्रमांक द्या. चित्रामागे नाव, वर्ष, माध्यम, आकार लिहा. विकलं की सहीची पावती आणि हे चित्र मूळ, हाताने काढलेलं आहे, असं प्रमाणपत्र द्या. प्रिंट विकत असाल तर एकूण किती काढणार ते आधीच ठरवा आणि प्रत्येकीवर क्रमांक टाका. पन्नास म्हटलं की पन्नासच.

जीएसटीची भीती सुरुवातीला बाळगू नका. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेल्यावर आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांवर गेल्यावर नोंदणी लागते. मात्र राज्याबाहेर विक्री करायची असेल तर नियम वेगळे आहेत. परराज्यातली पहिली ऑर्डर घेण्याआधी तालुक्याच्या कर सल्लागाराला विचारून घ्या.

दहावी पायरी: दर कधी वाढवायचे

वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात. मी दिवाळीपाडवा सुचवेन. साहित्य महागलेलं असतंच, म्हणून १० टक्के वाढ दरवर्षी धरून चाला. गेल्या सहा महिन्यांत केलेल्या चित्रांपैकी निम्म्याहून जास्त विकली गेली असतील, किंवा ऑर्डरसाठी लोक दोन-दोन महिने थांबायला तयार असतील, तर १५ ते २० टक्के वाढवा. राज्य कला प्रदर्शनात चित्र निवडलं गेलं, बक्षीस मिळालं, तर तेही वाढीचं कारण आहे. पण एका झटक्यात दुप्पट करू नका. वाढवलेली किंमत खाली आणणं फार कठीण असतं, कारण आधी जास्त देऊन घेतलेल्या माणसाशी ते प्रामाणिक होत नाही. मंदी असेल तर दर आहे तिथेच ठेवा आणि छोटे आकार वाढवा.

वाढ करण्याआधी महिनाभर जुन्या ग्राहकांना कळवा, की अमुक तारखेपासून नवे दर लागू होतील आणि त्याआधी आगाऊ रक्कम देऊन नोंदवलेली कामं जुन्या दराने होतील. त्या महिन्यात येतील तेवढ्या ऑर्डरी वहीत तारखेसह नोंदवा, आणि तारीख उलटली की नवं दरपत्रक पाठवून जुनं मोबाईलमधून काढून टाका.